दिक्साधन आणि वेधभूमीची समता

(१)

प्राचीन वास्तूचें टिपण करणारा संशोधक भिंतींची लांबी-रुंदी मोजतो, शिलालेखाचा ठसा घेतो, मूर्तींचीं लक्षणें लिहितो, आणि शेवटीं होकायंत्र काढून “देवालय पूर्वाभिमुख असून इतके अंश उत्तरेकडे कललेलें आहे” असें एक वाक्य जोडतो. पहिल्या तिन्ही कामांत दोन अभ्यासकांचा मेळ बहुधा बसतो. चौथ्या वाक्यांत तो पुष्कळदां बसत नाहीं. आणि दुर्दैवानें अनुमानांचे मनोरे याच वाक्यावर सर्वांत उंच चढविले जातात. देवालय दोन अंश कललेलें दिसलें कीं कोणी त्यांत विशिष्ट तिथीचा सूर्योदय पाहतो, कोणी नक्षत्र पाहतो, कोणी सूत्रधाराचें अज्ञान पाहतो, तर कोणी गर्भगृह एका काळचें व मंडप दुसऱ्या काळचा असा निवाडा देऊन मोकळा होतो. हे दोन अंश दगडांत आहेत कीं सुईंत आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांत हा प्रश्न टाळून चालणार नाहीं, असें आमचें मत आहे. तें कां, आणि होकायंत्रावर विसंबण्यापूर्वीं वेधभूमीची परीक्षा कोणत्या पद्धतीनें करावी, हें प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे. विषय वरकरणी पदार्थविज्ञानाचा दिसेल; पण ज्यांनीं एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या समोर ठेवून शुद्ध पाठ ठरविण्याचे कष्ट घेतले आहेत, त्यांस तो परका वाटूं नये. प्रमाण कोणतें, आणि तें प्रमाण तपासावयाचें कशानें, हाच दोन्हीकडे मूळ प्रश्न आहे.

(२)

चुंबकसूची खऱ्या उत्तरेपासून जेवढी ढळते, त्या कोनास दिक्पात म्हणतात. तो स्थळपरत्वें निराळा असतो व काळपरत्वें बदलतो. आमच्या मुलखांत तो सध्यां एक अंशाच्या आंतच आहे. त्यामुळें “आमच्याकडे दिक्पात नगण्य, तेव्हां सुई दाखवील तीच उत्तर” असा एक सोयीचा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. पृथ्वीच्या एकंदर चुंबकक्षेत्रामुळें होणारा दिक्पात लहान असला, तरी जागोजागच्या लोखंडामुळें होणारें स्थानिक आकर्षण ही वेगळी बाब आहे, आणि तिला नकाशावरचा दिक्पात ठाऊक नसतो.

हे दोन जिल्हे लोहधातुकासाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांतील लोहारा व पिंपळगांव, गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांतलें सूरजागड, हीं नांवें सर्वश्रुत आहेत. येथील धातुक मुख्यतः हेमाटाईट जातीचें. त्याचें चुंबकत्व क्षीण असतें. परंतु लोहाऱ्याच्या धातुकांत मॅग्नेटाईटचाही अंश आहे, आणि मॅग्नेटाईट म्हणजे साक्षात् लोहचुंबकाचाच दगड. जिल्ह्याच्या पश्चिम कडेस दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर येऊन पोहोंचतो. हा अग्निजन्य पाषाण निवतांना त्या काळच्या पृथ्वीक्षेत्राची दिशा आपल्या अंगीं धारण करतो, व उघड्या माथ्यावर वीज पडली तर तेवढ्यापुरता जबर चुंबक बनतो. विजेचा हा गुण मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं असलेल्या मार्कंडा येथील मुख्य देवालयावर पूर्वीं वीज पडून शिखराची हानि झाल्याची हकीकत जुन्या वर्णनांतून आढळते. अशा ठिकाणीं भिंतीला होकायंत्र लावून दिशा वाचणाऱ्यानें दोनदां विचार करावा.

निसर्गाच्या जोडीला मनुष्याचें कर्तृत्व आहे. या अरण्यांतून लोखंड गाळण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत असे. भट्टीच्या जागीं जें किट्ट सांचतें, त्यास वैद्यकांत मंडूर म्हणतात. जुनें मंडूर औषधास उत्तम, म्हणून वैद्य तें शोधीत फिरत. विदर्भांत हा उद्योग किती पुरातन आहे, हें नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें महापाषाणयुगीन वस्तींत सांपडलेल्या लोहभट्टीवरून सिद्ध झालें आहे. असा किट्टाचा ढीग मातीखालीं दडलेला असला तर डोळ्यांस दिसत नाहीं, पण सुईला दिसतो. भाजलेली वीटही निर्दोष नाहीं. तापून निवतांना तीही किंचित् चुंबकित होते. विटांचा पाया, किट्टानें भरलेला पांढरीचा थर, जवळ लोहयुक्त टेकडी, अशा त्रिवेणींत उभें राहून वाचलेले अंश हे कोणाचे अंश, हें सांगणें कठीण आहे.

आणि अलीकडील काळानें यांत आणखी एक भर घातली आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ च्या सुमारास उभी राहिली. नेहमींच्या विजेच्या तारांतील प्रवाह दर सेकंदास ५० वेळां उलटसुलट होतो, म्हणून जड सुई त्याला दाद देत नाहीं. एकदिश प्रवाहाची गोष्ट निराळी. या वाहिनीची पूर्ण क्षमता १५०० मेगावॅट. म्हणजे प्रत्येक ध्रुवाच्या तारांतून सुमारें १५०० अँपिअर. एवढा प्रवाह एकाच तारेंतून वाहिला, तर २० मीटरवर सुमारें १५,००० नॅनोटेस्ला क्षेत्र उत्पन्न होतें. आणि आमच्याकडे पृथ्वीचें क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारें ३९,००० नॅनोटेस्ला आहे. अशी तार दक्षिणोत्तर गेलेली असेल, तर तिच्याखालीं सुई वीस अंशांपर्यंत ढळेल. पूर्वपश्चिम गेलेली असेल, तर दिशा न ढळतां केवळ क्षेत्राचें बळ कमीजास्त होईल. प्रत्यक्षांत दोन ध्रुवांतून प्रवाह उलट दिशांनीं वाहतो व परिणाम पुष्कळसा परस्पर छेदला जातो. परंतु एक ध्रुव बंद असून प्रवाह जमिनींतून परत जात असेल, तर तो छेद होत नाहीं. तात्पर्य, काल वाचलेली दिशा आज त्याच जागीं जुळेलच अशी हमी राहिलेली नाहीं.

(३)

विजेच्या प्रवाहानें चुंबकवेधांस उपद्रव होण्याचा प्रसंग महाराष्ट्रांत पूर्वीं एकदां मोठ्या प्रमाणावर आला होता, आणि त्याचा परिहार ज्या रीतीनें झाला ती आमच्या विषयास फार उपकारक आहे. तो वृत्तांत असा.

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ त बांधली. तेथें चुंबकवेधांस १८४१ त आरंभ झाला. त्या काळीं युरोपांत गौस या गणित्यानें १८३२ त चुंबकक्षेत्राचें निरपेक्ष मोजमाप करण्याची रीत सिद्ध केली होती, व पृथ्वीवर ठिकठिकाणीं एकाच पद्धतीनें वेध घ्यावेत अशी मोठी खटपट चालू होती. कुलाब्याचे वेध हे त्या जागतिक उद्योगाचेंच एक अंग. महाराष्ट्रीयांचा या वेधशाळेशीं संबंध आरंभापासूनचा आहे. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे कांहीं काळ तिचें काम होतें. पुढें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ लिहून प्रसिद्धि पावलेले केरो लक्ष्मण छत्रे हे १८४० त, अगदीं कोंवळ्या वयांत, प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखालीं तेथें साहाय्यक म्हणून लागले. छत्र्यांचा जन्म अलिबागजवळील नागांवचा. ज्या वेधशाळेंत त्यांनीं उमेदवारी केली, तिचे चुंबकवेध पुढें अलिबागेसच जावयाचे होते, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

प्रथम तीस वर्षें माणसें दुर्बिणीस डोळा लावून तासातासास आंकडे वाचीत. १८७२ पासून चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकीर्दींत छायाचित्रपद्धतीनें अखंड नोंद होऊं लागली. अशा रीतीनें सांठलेल्या आंकड्यांचें मोल त्या वेळीं वाचणाऱ्यांसही ठाऊक नसेल. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं सूर्यावरील प्रचंड स्फोटामागून पृथ्वीवर जें चुंबकीय वादळ झालें, त्याचे कुलाब्याचे आंकडे सुमारें १६०० नॅनोटेस्लांचा उतार दाखवितात. २००३ त त्या जुन्या नोंदींवरूनच शास्त्रज्ञांनीं त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला. म्हणजे हाताने लिहिलेले आंकडे १४४ वर्षांनीं साक्षीस उभे राहिले. दप्तराची किंमत जाणणाऱ्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या गाड्या येणार, हें ठरलें. या गाड्यांचा प्रवाह एकदिश असून तो रुळांवाटे परत फिरे व त्याचा कांहीं भाग जमिनींत शिरे. कुलाब्याचीं नाजूक उपकरणें त्यापुढें निरुपयोगी झालीं असतीं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढें त्या वेळीं दोन प्रश्न होते. एक, नवी जागा कोठें. दुसरा, साठ वर्षांची अखंड माळ न तुटतां नव्या जागेशीं कशी ओंवावयाची.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर अलिबाग. तेथें १९०४ त नवी इमारत उभी राहिली. तिच्यासाठीं चुंबकत्वरहित असा पोरबंदरचा दगड मुद्दाम आणविला, आणि लोखंडाच्या जागीं तांबें-पितळ वापरलें. दुसऱ्या प्रश्नास दोन मार्ग होते. अलिबागेस गौसच्या रीतीनें निरपेक्ष मोजमाप करून तेथून नवा हिशेब सुरू करावा, हा एक. जुन्या व नव्या जागीं एकाच वेळीं वेध घेऊन दोहोंतील अंतर ठरवावें, हा दुसरा. पहिला मार्ग सोपा खरा. परंतु पृथ्वीचें क्षेत्र दिवसांत व वर्षांत सतत हालत असतें. काल कुलाब्यास व आज अलिबागेस मोजलें, तर फरक जागेचा किती व काळाचा किती, हें वेगळें काढतां येत नाहीं. दोन्हीकडे एकाच क्षणीं मोजलें, तर काळाचा भाग दोन्ही बाजूंस सारखाच येऊन उडून जातो, व जागेचा तेवढा उरतो. म्हणून १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही वेधशाळा एकाच वेळीं चालविल्या. आणि निरपेक्ष मोजमापेंही सोडलीं नाहींत. मग कुलाब्याचे चुंबकवेध बंद झाले. १९०७ च्या मे महिन्यांत मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. मूस यांनीं कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ पर्यंतच्या वेधांचे दोन खंड १९१० त प्रसिद्ध केले. ट्राम १९६४ त कायमची थांबली. अलिबागचे वेध अद्याप चालू आहेत.

यांतील युक्ति पोथ्या ताडून पाहणारास नवी नाहीं. जीर्ण पोथीची नक्कल झाली म्हणून कोणी शहाणा मूळ पोथी लगेच नदींत सोडीत नाहीं. दोन्ही शेजारीं ठेवून ओळ ओळ ताडतो, लेखकाची खोड कोणती व मुळांतील पाठ कोणता हें ठरवितो, आणि मगच नकलेवर विसंबतो.

(४)

याच प्रश्नाचें आजचें रूप प्रयोगशाळांतून दिसतें, व त्याचें शास्त्र इतकें बांधेसूद झालें आहे कीं, त्यापासून आम्हीं पुष्कळ घेण्यासारखें आहे. हल्लीं प्रत्येक विद्युत्-उपकरण, मग तें रुग्णालयांतील असो कीं घरांतील, बाहेरून येणाऱ्या विद्युच्चुंबकीय लहरी किती सोसूं शकतें याची परीक्षा घेतात. भारत सरकारनें १९८४ त स्थापिलेल्या समीर या संस्थेच्या प्रयोगशाळांत अशा परीक्षा होतात. भिंतींवरून लहरी परावृत्त होऊं नयेत अशा बंद दालनांत एका बाजूस अँटेना असते. समोर परीक्ष्य वस्तु ठेवावयाची. पण वस्तु ठेवण्यापूर्वीं रिकाम्या जागेची परीक्षा करावी लागते, हें या शास्त्राचें पहिलें सूत्र आहे. जेथें वस्तु यावयाची, तेथें लहरींचें बळ सर्वत्र सारखें आहे कीं नाहीं हें आधीं न पाहिलें, तर वस्तु बिघडली कां टिकली याचा अर्थच लागणार नाहीं.

आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या ६१०००-४-३ या प्रमाणग्रंथांत याची रीत दिली आहे. दीड मीटर लांब व दीड मीटर उंच असें एक उभें प्रतल कल्पावें. त्यावर अर्ध्या अर्ध्या मीटरवर चार ओळींत चार, असे १६ बिंदु घ्यावेत. प्रत्येक बिंदूवर क्षेत्राचें बळ मोजावें. सोळांपैकीं निदान १२ बिंदूंवर तें बळ ठरीव मूल्यापेक्षां कमी नसावें व ६ डेसिबेलांहून, म्हणजे सुमारें दुपटीहून, अधिक नसावें. येथें मर्यादा एकाच बाजूस सैल ठेविली आहे, हें मार्मिक आहे. परीक्षा थोडी कडक झाली तरी चालेल, पण कोठेंही सौम्य होतां कामा नये, हा त्यांतील हेतु.

हें मोजण्याच्या दोन पद्धती त्या ग्रंथांत सांगितल्या आहेत. पहिली स्थिर-क्षेत्र पद्धति: प्रत्येक बिंदूवर क्षेत्राचें बळ एकच राहील असा अँटेनाचा पुरवठा कमीजास्त करावयाचा, व कोठें किती शक्ति लागली हें टिपावयाचें. दुसरी स्थिर-शक्ति पद्धति: पुरवठा एकच ठेवावयाचा, व कोणत्या बिंदूवर किती क्षेत्र मिळालें हें टिपावयाचें. दोहोंचा निष्कर्ष एकच यावा असें शास्त्र सांगतें, व तें युक्तच आहे. एकाच शक्तीनें एका बिंदूवर दुसऱ्याच्या दुप्पट क्षेत्र मिळत असेल, तर समान क्षेत्रासाठीं त्या दुसऱ्या बिंदूस चौपट शक्ति द्यावी लागेल. माहिती तीच, मांडणी निराळी. मात्र ही समता यंत्राची शक्ति सरळ प्रमाणांत वाढते आहे तोंवरच टिकते. म्हणून पुढें वापरावयाच्या बळाच्या १.८ पट बळावर मोजमाप करून यंत्र थकत नाहीं ना, हें पाहून घेतात. स्थिर-शक्ति पद्धति झटपट होते. स्थिर-क्षेत्र पद्धतींत अशक्त बिंदूंस किती शक्ति लागते तें आपोआप उघडें पडतें.

(५)

आतां आमच्या अरण्यांतील देवळाकडे वळूं. येथेंही वस्तु मोजण्यापूर्वीं भूमि मोजली पाहिजे, आणि येथेंही दोन पद्धती संभवतात. दोरी स्थिर ठेवून सुई वाचावी, ही एक. सुई स्थिर ठेवून दोरी पाहावी, ही दुसरी.

पहिलींत खरी दक्षिणोत्तर रेषा अन्य साधनानें ठरवून तिच्या समांतर चार दोऱ्या देवळापुढील मोकळ्या जागेंत ताणाव्या. प्रत्येक दोरीवर चार बिंदु घ्यावे. आणि सोळाही बिंदूंवर सुई दोरीशीं किती कोन करते तें लिहावें. दुसरींत एका कोपऱ्यापासून आरंभ करून प्रत्येक बिंदूवर सुईच्या शून्याकडे रोख धरून पुढची खुंटी ठोकीत जावें, व शेवटीं खुंट्यांची रांग कशी वांकली तें पाहावें. दोन्ही पद्धती निर्दोषपणें पार पाडल्या, तर प्रयोगशाळेंतल्याप्रमाणें त्यांचा निष्कर्ष एकच येईल. परंतु दुसरींत प्रत्येक खुंटीची जागा मागील खुंटीवर अवलंबून असते. एका ठिकाणची चूक पुढील सर्व ठिकाणीं वारशानें जाते, जशी नकलेवरून नक्कल करतांना पहिल्या लेखकाचा अपपाठ वंशभर चालतो. पहिलींत प्रत्येक बिंदूची चूक त्या बिंदूपुरतीच राहते. यास्तव आम्ही पहिली पद्धति पसंत करतों.

मोजणीदार लोक स्थानिक आकर्षण ओळखण्यासाठीं पुढचा व मागचा असे दोन रोख घेतात. दोहोंत बरोबर १८० अंशांचें अंतर आलें, तर जागा शुद्ध मानतात. ही युक्ति चांगली आहे, पण अपुरी आहे. दोन्ही ठिकाणें एकाच मोठ्या लोहपर्वताच्या छायेंत असतील, तर दोन्हीकडे सुई सारखीच ढळेल, रोख तंतोतंत जुळतील, आणि दिशा मात्र चुकीचीच राहील. भूमीची समता म्हणजे भूमीची सत्यता नव्हे. दहा पोथ्यांत एकच पाठ आढळला तरी त्या साऱ्या एकाच भ्रष्ट पोथीच्या लेंकी असूं शकतात. म्हणून सुईच्या बाहेरचें, सुईशीं कोणताही संबंध नसलेलें, असें निरपेक्ष प्रमाण अवश्य पाहिजे. मूस यांनीं अलिबागेस निरपेक्ष मोजमापें सोडलीं नाहींत, त्याचें रहस्य हेंच.

(६)

असें प्रमाण आमच्या पूर्वजांनीं दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं देऊन ठेविलें आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्राच्या आरंभींच दिक्साधनाचा विधि आहे. सपाट भूमीवर शंकु रोंवावा. शंकूएवढ्या दोरीनें त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढावें. सकाळीं व दुपारनंतर शंकूच्या छायेचें टोक वर्तुळास जेथें स्पर्श करील, तेथें खुणा कराव्या. त्या दोन खुणा जोडणारी ती पूर्वपश्चिम रेषा. सूर्यसिद्धान्तादि ग्रंथांत हाच विधि त्रिप्रश्नाधिकारांत येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्याची क्रांति किंचित् बदलते, म्हणून रेषेस लहानसा संस्कार द्यावा लागतो, हेंही पुढील ज्योतिषकारांनीं ओळखलें होतें. भास्कराचार्यांनीं त्याचें गणित दिलें आहे. संपातदिनांच्या सुमारास हा संस्कार कांहीं कलांचा असतो, अयनदिनीं तो नाहींसा होतो.

आमच्या अक्षांशास हा विधि लावतांना एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. जून महिन्याचा अयनदिन मेघांच्या स्वाधीन. तेव्हां डिसेंबरचाच उपयोगी. परंतु चंद्रपुराच्या सुमारें २० अंश अक्षांशावर डिसेंबरांतील अयनदिनीं मध्यान्हींची छायाच शंकूच्या सुमारें ९५ शतांश असते. शंकूएवढ्या त्रिज्येचें वर्तुळ काढलें, तर छायेचें टोक मध्यान्हाच्या जेमतेम पाऊण तास अलीकडे-पलीकडे त्याला चाटून जातें. त्या वेळीं छायेची लांबी अति मंद बदलते, स्पर्श नेमका कोठें झाला हें कळत नाहीं, व दोन खुणांतील अंतर शंकूच्या निम्म्यास थोडेंसें अधिक एवढेंच मिळतें. म्हणून त्या ऋतूंत वर्तुळाची त्रिज्या शंकूच्या दुप्पट घ्यावी. मग स्पर्श मध्यान्हापूर्वीं व नंतर सुमारें सव्वातीन तासांनीं होतात, खुणांतील अंतर शंकूच्या तिप्पट येतें, आणि रेषेची निश्चिति पुष्कळ वाढते. सूर्यबिंबाचा व्यास अर्ध्या अंशाचा असल्यामुळें छायेची कड धूसर असते. तरी काळजीपूर्वक केलेल्या कामांत पाव अंशापर्यंत भरंवसा ठेवतां येतो. दोन अंशांच्या वादास एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे.

ध्रुवावरून दिशा घेणें हा दुसरा मार्ग. आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आंत आहे. पण आमच्याकडे तो क्षितिजावर वीसच अंश चढतो, व दाट अरण्यांत सागाआड दडतो. शिवाय एक सावधगिरीची सूचना. अकराव्या-बाराव्या शतकांत हाच तारा ध्रुवबिंदूपासून पांच-सहा अंश दूर होता. त्या काळच्या सूत्रधारानें ध्रुवताऱ्याकडे सरळ दोरी धरून देऊळ आंखलें असेल, असें गृहीत धरून आजच्या ध्रुवाशीं त्याची तुलना करणें म्हणजे दुहेरी प्रमाद होय.

(७)

एवढ्या विवेचनावरून या दोन जिल्ह्यांतील वास्तूंच्या टिपणासाठीं आम्ही पुढील रीत सुचवितों.

प्रथम अंगावरचें लोखंड दूर करावें: छत्री, किल्ल्या, चष्म्याची दांडी, आणि हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत असणारा मोबाईल फोन. वास्तूपासून मोकळ्या जागीं शंकूनें पूर्वपश्चिम रेषा काढावी व तिजवर लंब काढून दक्षिणोत्तर साधावी. त्या रेषेस धरून चार चार बिंदूंच्या चार ओळी आंखाव्या. प्रत्येक बिंदूवर सुई दोन उंचींवर वाचावी, एकदां जमिनीलगत व एकदां छातीइतकी उंच. लहान चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणांत घटतो, म्हणजे दुप्पट अंतरावर अष्टमांश राहतो. दोन उंचींवरील वाचनांत मोठा फरक पडला, तर दोषी वस्तु जवळ आहे, खिळा असेल वा किट्ट असेल. दोन्ही वाचनें जुळून दोरीशीं मात्र जुळत नसतील, तर दोष दूरचा व विस्तीर्ण आहे, पर्वताचा वा पाषाणाचा.

सोळांपैकीं बारा बिंदु अर्ध्या अंशाच्या आंत जुळले, तर भूमि सम मानावी. आमची चूक कोणत्याही बाजूस सारखीच घातक असल्यामुळें मर्यादाही दोन्ही बाजूंस सारखी ठेवावी. सोडलेले चार बिंदु कोणते, हें टिपणांत लिहावें. कारण प्रयोगशाळेंत जे बिंदु केवळ अडचणीचे, ते पुरातत्त्वज्ञास कदाचित् पुरलेल्या भट्टीचा पत्ता सांगतील. बारा बिंदु न जुळले, तर त्या ठिकाणीं सुई मिटून ठेवावी व वास्तूची दिशा थेट शंकुरेषेवरूनच मोजावी. सम भूमीवरही शंकुरेषेशीं सुईचा जो सरासरी फरक आला, तो तारीखवार नमूद केल्यावांचून वास्तूचे अंश छापूं नयेत. वाहिनीजवळचें स्थळ असेल, तर दोन निरनिराळ्या दिवशीं वाचावें.

यास एक दिवस अधिक लागतो, हें खरें. परंतु या खर्चाची निकड आतां पूर्वींहून जास्त आहे. सूरजागडासारख्या डोंगरांतून धातुक काढलें जात आहे. डोंगराचा आकार बदलला कीं त्याचें चुंबकक्षेत्रही बदलणार. चिमूर तालुक्यांतील हिरापूर येथील शिलाप्रकोष्ठांसारखीं स्थळें शेतीच्या कडेवर उभीं आहेत. आज शंकूशीं न ताडतां लिहिलेली दिशा उद्यां ताडून पाहण्याची सोय राहील, असें समजूं नये. मूस यांनीं ट्राम सुरू होण्यापूर्वीं तीन वर्षें दुसरी वेधशाळा चालू केली, म्हणून कुलाब्याची माळ तुटली नाहीं. ट्राम आल्यावर ती खटपट केली असती, तर ताडून पाहण्यास जुना शुद्ध आंकडाच उरला नसता.

जुन्या सनदांत व महजरांत गांवाची चतुःसीमा पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक अशी दिलेली असते. त्या दिशा सूर्यावरून व पाऊलवाटांवरून जाणणाऱ्या लोकांनीं सांगितलेल्या आहेत. सुईनें काढलेल्या नकाशाशीं त्या न जुळल्या, तर दोष कागदाचा असें आजवर सहज मानलें जाई. मार्कंडा, वैरागड, भद्रावती, चंद्रपूरचा कोट, यांपैकीं कोणत्याही स्थळीं जाणाऱ्या अभ्यासकानें एक सरळ काठी, एक दोरी व चार खुंट्या बरोबर न्याव्या. कागद खरा कीं सुई खरी, याचा निवाडा त्या काठीकडे सोंपवावा. तिला कोणत्याही लोहपर्वताची भीड पडत नाहीं.